टायर बघायला

कुंपणाबाहेरच्या खडीवर तेलाचा एक डाग होता. परातीएवढा, कडेला फिकट आणि मध्ये काळाकुट्ट. जवळ बसून पाहिलं तर तो एक डाग नव्हताच. एकावर एक पडलेले पुष्कळ डाग होते, जुन्यावर नवा, कापलेल्या ओंडक्यातल्या वर्तुळांसारखे. महामार्गाची कड दोन्ही दिशांना नजर पोचेल तिथवर मोकळी होती. तरी ट्रक थांबायचे ते इथेच, रोपवाटिकेच्या कुंपणाच्या शेवटच्या खांबापाशी, आणि इतके नेमके की एकाचं तेल दुसऱ्याच्या तेलावर पडावं.

ताई खडीवर उकिडवी बसून त्या डागाकडे बघत होती. झारी हातात तशीच.

"सापडलं का काही?" कुंपणाच्या आतून अण्णांनी विचारलं. "की आता तेलालाही पाणी घालणार आहेस?"

"हे इथेच का थांबतात, अण्णा?"

"आला प्रश्न," अण्णा म्हणाले आणि हातातल्या रोपाकडे वळले.

ताईला घरात सगळे चौकशीबाई म्हणायचे, आणि त्यात चूक काही नव्हती. लहानपणी डोकं दुखतं म्हणून आईने गोळी दिली, तर हिने आधी विचारलं होतं की पोटात गेल्यावर गोळीला कळतं कसं, की दुखतंय डोकं. उत्तर मिळेपर्यंत गोळी मुठीतल्या मुठीत पाघळून गेली. पुढे वनस्पतिशास्त्र शिकली, काही वर्षं प्रयोगशाळेत माती तपासली, आणि आई गेल्यावर अण्णांबरोबर रोपवाटिका सांभाळायला आली. कारण कळल्याशिवाय तिला काही करवत नसे. धाकट्या भावाचं म्हणणं होतं की ताई श्वास घेते तोसुद्धा पुस्तकात कारण दिलंय म्हणून.

या वेळी मात्र तिच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दुसरंही कुणी खोळंबलं होतं.

रस्त्याच्या ऑफिसातल्या इंजिनिअर बाई पहिल्यांदा आल्या त्याला बराच काळ लोटला होता. रोपवाटिकेची रस्त्याकडची पट्टी आणि तिच्यामागचं पडीक त्यांना हवं होतं. तिथे वाहनचालकांसाठी विश्रांतीची जागा करायची होती: ट्रक उभे करायला फरशी, स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पाठ टेकायला खाटा. पडीक द्यायला कुणाची ना नव्हती. पण रस्त्याकडच्या पट्टीत लिंबाच्या मातृवृक्षांची रांग होती. रोपवाटिकेतलं लिंबाचं प्रत्येक कलम या झाडांवरून घेतलेला डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधून केलेलं. आईने एकेका झाडाचं फळ चाखून, नापसंत झाडं बेलाशक उपटून टाकून ती रांग जमवली होती. घरात तिला 'आईची रांग' असंच म्हणत.

"तू ठरव," अण्णा तेव्हाच म्हणाले होते. "माझं वय आता ठरवायचं नाही. माझं वय कलमं बांधायचं आहे."

आणि ताई तेव्हापासून 'विचार करते' असं सांगत आली होती. इंजिनिअर बाईंनी मध्येमध्ये फोन केले, तेव्हा तेच सांगितलं. तिचं स्वतःशी म्हणणं असं, की जागा इथेच का हवी हे पटलं तर रांग देईन. पुढे टेकडीपलीकडेही ओसाड माळ पडलाय, तिथे का नको?

काल इंजिनिअर बाई पुन्हा आल्या. बसल्या नाहीत. मागच्या महिन्यात कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका ट्रकला बस घासून गेली होती. ट्रकचा आरसा उडून मिरचीच्या वाफ्यात पडला होता. अण्णांनी तो उचलून कलमं बांधायच्या शेडमध्ये टांगला होता आणि दाढी करायला वापरत होते. इंजिनिअर बाईंनी त्या आरशाकडे बघतच बोलायला सुरुवात केली.

"ताई, या वेळी कुणाला लागलं नाही हे नशीब. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळते तेव्हा फार वाईट होतं. ते मी चालू देऊ शकत नाही. इथे जागा मिळाली तर सगळे आत येतील. नाही मिळाली तर कडेने लोखंडी कठडा घालून टाकणार, कुणी थांबूच नये असा. थांबायची जागा मग टेकडीपलीकडे जाईल."

"मधल्या पट्ट्यात?"

"मध्ये काही नाही."

"पण ते इथेच का थांबतात?"

"खरं सांगू? मलाही माहीत नाही. नकाशावर दिसतं, एवढंच. लोक जिथे आपणहून थांबतात तिथे जागा द्यावी, असा माझा साधा विचार." त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. "उद्या नाही, परवा सकाळी येते. हो किंवा नाही. विचार करते, हे आता चालणार नाही."

म्हणून आज ताई डागाशी येऊन बसली होती.

आधीचे दोन तर्क तिने केव्हाच खोडले होते. पहिला सावलीचा. आईच्या रांगेची सावली दुपारनंतर कडेवर पडते, म्हणून लोक थांबत असतील असं अण्णांनी ठामपणे सांगितलं आणि गेल्या उन्हाळ्यात ट्रकवाल्यांवर चिडून रस्त्याकडच्या फांद्या छाटून टाकल्या. ट्रक उन्हात थांबले. मग पाण्याचा तर्क. कुंपणाशी नळ होता, तो काढून आत नेला. ट्रक थांबलेच, फक्त चालक आता गेटातून आत येऊन पाणी मागू लागले आणि जाताना अण्णांशी गप्पा मारू लागले. आपला राग या दोन प्रयोगांत कुठे विरला ते अण्णांनाही कळलं नाही.

सूर्य वर आला तसा एक ट्रक येऊन थांबला. डागावरच. मिशीवाले काका उतरले. ते नेहमीचे होते. त्यांनी पुढच्या चाकाला एक लाथ घातली, मग मागच्या, मग पलीकडे जाऊन तिकडच्या.

"काय काका, पंक्चर?" ताईने विचारलं.

"छे. टायर बघायला थांबलो."

"मागच्या वेळीही टायर बघायलाच थांबला होतात."

"टायर बघावेच लागतात, ताई. सगळा भार त्यांच्यावर."

"पण इथेच का? जरा अलीकडे का नाही? जरा पलीकडे?"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. प्रश्न त्यांना खरोखरच नवा होता. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "झाडं दिसतात ना इथे. बरं वाटतं."

"झाडं छाटली होती तेव्हाही थांबला होतात."

"होय की." त्यांनी पुन्हा एकदा दोन्हीकडे पाहिलं. "मग नाही सांगता येत बुवा. इथवर आलं की आपोआप वाटतं, थांबावं. गाडीलाच सवय म्हणा." आणि केबिनमध्ये चढून त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. टायर बघणं बराच वेळ चाललं.

ताईने त्या सकाळी आणखी तिघांना विचारलं. एक पाय मोकळे करायला थांबला होता, एक दोर आवळायला. तिसरा एका छोट्या गाडीतला विक्रेता होता, त्याला फोन करायचा होता. फोन मात्र त्याने केला नाही. झोप हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. तिने आणखी एक गोष्ट टिपली. विक्रेत्याची हलकी गाडी गेटापाशीच थांबली, ट्रक शेवटच्या खांबापाशी. हे काय, म्हणून तिने गेटापाशी खडी चाळवून पाहिली. तिथेही चाकांनी खोलगट केलेली जागा होती, पण तेलाचे डाग नव्हते. जड वाहनं पुढे, हलकी अलीकडे. जणू कुणी तरी चाळणीने वेगळी करत होतं.

जेवायच्या वेळेला धाकटा आला. तोही ट्रकच चालवायचा. काचेच्या कारखान्यातून बाटल्या भरून गोदामात पोचवायच्या, रिकामा परत, की पुन्हा भरून. रोपवाटिका वाटेत पडायची म्हणून जाताना घरचं जेवून जायचा. रस्ता ओलांडायच्या पुलावरून चालत आला, हात धुतले, अण्णांच्या आरशात केस नीट केले.

"बाळ्या, तू इथे थांबतोस का रे?" ताईने ताट वाढतावाढता विचारलं.

"आत्ता थांबलोय की."

"परत येताना. भरलेला असताना. कुंपणापाशी."

"कधीकधी."

"का?"

"टायर बघायला," धाकटा म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

अण्णा हसले. ताई हसली नाही. "मला घेऊन चल," ती म्हणाली. "कारखान्यापर्यंत आणि परत."

"ताई, ते काही सहलीचं काम नाही. केबिनमध्ये भट्टी असते."

"मी कुठे पंखा मागितला?"

कारखान्यात पेट्या चढेपर्यंत दुपार कलली होती. धाकट्याने दोर बांधले, बाटल्यांवरून ताडपत्री ओढली, आणि ते परत निघाले. सुरुवातीला तो पुष्कळ बोलला. मालकाची नक्कल केली, वजनकाट्यावरच्या माणसाची केली. मग महामार्गाचा काँक्रीटचा पट्टा लागला. काँक्रीटच्या लाद्यांमध्ये सांधे होते, आणि प्रत्येक सांध्यावरून जाताना चाकं वाजत होती: टक्-टक्, टक्-टक्, एका लयीत, पाळण्याच्या कडीसारखी. ताईने दोन सांध्यांमधलं अंतर किती असेल याचा अंदाज बांधायला घेतला. वेग अमुक, आवाज इतक्याने येतो, म्हणजे. टक्-टक्. म्हणजे अंतर. धाकट्याचं बोलणं केव्हा तरी थांबलं होतं. समोरची पांढरी रेघ वितळल्यासारखी दिसत होती. टक्-टक्.

तिचे डोळे उघडले तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. कुणी हाक मारली नव्हती, धक्का बसला नव्हता. तरी ती पुरती जागी होती, मध्यरात्री पंखा बंद पडला की माणूस होतो तशी. आणि तिला कळलं, की आवाज थांबलाय. चाकांखाली आता डांबर होतं, मऊ आणि मुकं. त्या शांततेनेच तिला उठवलं होतं.

तिने वळून भावाकडे पाहिलं.

त्याची दोन्ही हातांची बोटं स्टिअरिंगवर आवळलेली होती आणि डोळे टक्क उघडे, पाण्यातून आत्ताच वर काढलेल्या माणसासारखे. ट्रकची डावी चाकं कडेच्या रेघेवर होती. त्याने गाडी हळूच सरळ केली, श्वास सोडला, ब्रेकवर पाय ठेवला. बाटल्या किणकिणल्या. रोपवाटिकेचं गेट मागे गेलं, कुंपण सरकत राहिलं, आणि ट्रक शेवटच्या खांबापाशी येऊन उभा राहिला.

"टायर बघतो," धाकटा म्हणाला आणि उतरला.

ताईही उतरली. धाकटा एकेका चाकाला लाथ घालत ट्रकभोवती फिरत होता. ट्रकच्या पोटाखालून तेलाचा एक थेंब डागावर पडला. ज्या प्रश्नाला ती इतके दिवस कोडं म्हणून कुरवाळत होती, त्याच्या आत तिचा भाऊ बसलेला होता.

"टायर बरे आहेत?"

"बरे आहेत."

"कधीपासून असं होतंय?"

त्याने तिसऱ्या चाकाला मारायला उचललेला पाय खाली ठेवला. "ताई, सगळ्यांचंच होतं. दुपारी जेवण झाल्यावर तर होतंच. पण बोलायचं नसतं. हा झोपतो, असं एकदा नाव झालं की मालक गाडी हातात देत नाही. मग आम्ही टायर बघतो. दुसऱ्याला कळतं, तोही विचारत नाही."

"आणि जाग कशाने येते?"

"कशाने म्हणजे? येते. इथे आली की येते. आपलं घर आहे म्हणून येते, असं मला वाटायचं." तो ओशाळून हसला. "मिशीवाल्या काकांचं पण घर आहे की काय इथे?"

ताई तोवर वळली होती. गेटातून आत शिरली आणि कुंपणाच्या आतल्या बाजूने मागे चालत गेली, वाफे ओलांडून, मोरीच्या छोट्या पुलापर्यंत. तिथे कुंपण संपत होतं आणि रस्त्यावर एक आडवी रेघ दिसत होती. अलीकडे काळं डांबर, पलीकडे राखाडी काँक्रीट. एक ट्रक तिच्यासमोरून गेला. टक्-टक्, टक्-टक्, आणि रेघेवर आवाज कापल्यासारखा थांबला. थोडं पुढे जाऊन ब्रेकचे लाल दिवे लागले.

इथे जाग येते. मग माणूस घाबरतो. मग ब्रेक. हलकी गाडी गेटापाशी थांबते, भरलेली रेटत पुढे जाते आणि शेवटच्या खांबाशी थांबते. सावली नाही, पाणी नाही. एवढीशी गोष्ट. तिला एकदम बरं वाटलं, पण पुढचा विचार आपोआप आला: कठडा घातला की जाग इथेच येईल, पण थांबायला जागा नसेल. डांबर मुकं आहे. टेकडीपर्यंत माणूस पुन्हा पेंगेल, आणि तिथे उठवायला सांधाही नाही.

कारण कळलं होतं. आता विचार करते म्हणायला जागा उरली नव्हती. उरली होती ती रांग.

परत येईपर्यंत धाकटा केबिनमध्ये आडवा झाला होता, पाय खिडकीबाहेर. तिने त्याला उठवून ट्रक गेटातून आत घ्यायला लावला, आणि रोपं उतरवायच्या जागेत उभा करायला लावला. मालकाचा फोन आला तो तिनेच घेतला. "टायर बघतोय," ती म्हणाली. "वेळ लागेल."

संध्याकाळी ती आईच्या रांगेतून चालत गेली. पहिल्या झाडाचं पान चुरगळून हुंगलं. त्याला किंचित आल्याचा वास होता. दुसऱ्याचा वास तिखट, तिसऱ्याचा जवळजवळ गोड. ही झाडं तिला डोळे मिटून ओळखता यायची. पाइपचं वेटोळं आणायला ती शेडच्या मागे वळली, आणि तिथे जाळीच्या सावलीत, विक्रीच्या कुंड्यांपासून दूर, मोठ्या पिशव्यांमध्ये लावलेली झाडं तिला दिसली. ती तिने आधीही पाहिली होती, पण खपली नसतील म्हणून बाजूला ठेवली असतील, असं धरून चालली होती. यांच्याबद्दल विचारायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. चांगली कमरेएवढी वाढलेली होती. एकालाही किंमत लावलेली नव्हती.

तिने एक पान तोडून चुरगळलं. आल्याचा वास. पुढच्या पिशवीतलं तोडलं. तिखट. त्याच्या पुढचं, जवळजवळ गोड.

ती पिशव्यांच्या शेवटापर्यंत गेली. रांग होती तशी, त्याच क्रमाने, इथे उभी होती. प्रत्येक खोडावर, जमिनीपासून वीतभर वर, डोळा भरल्याची खूण होती. अण्णांच्या हाताची, किंचित तिरपी.

"कधी केलंत हे?" तिने विचारलं. अण्णा पाइप गुंडाळत मागे येऊन उभे होते.

"त्या बाई पहिल्यांदा आल्या ना, त्या हंगामात. बसून काय करायचं?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू कारण शोधत होतीस. मध्ये बोललं की तुझा विचका होतो." ते पिशवीतली माती बोटाने दाबत म्हणाले, "डोळा दुसऱ्या खुंटावर लागला तरी झाड तेच राहतं, हे मला तूच शिकवलंस. आईला तर ते शिकायची गरजच नव्हती. तिने ही झाडं तरी कुठून आणली होती? दुसऱ्यांच्या झाडांचे डोळे मागूनच."

"पण ती जुनी झाडं..."

"ती आहेतच, तू सांगेपर्यंत. मी घाई करत नाही."

ताईने त्या रात्री काही सांगितलं नाही. सकाळी इंजिनिअर बाई आल्या तेव्हा अण्णा शेडमध्ये कलमं बांधत होते आणि धाकटा भिंतीशी टाकलेल्या खाटेवर गाढ झोपला होता, तोंड उघडं टाकून.

"हे कोण?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"माझा भाऊ. टायर बघतोय."

मग तिने त्यांना मोरीच्या पुलापाशी नेलं आणि रेघ दाखवली. जास्त बोलली नाही, दोन ट्रक जाऊ दिले. दुसऱ्या ट्रकचे लाल दिवे लागले तेव्हा बाईंनी हेल्मेट काढून काखेत धरलं.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "मी रोज याच्यावरून जाते." थोड्या वेळाने त्यांचा चेहरा बदलला. "पण हे काँक्रीट आता घासून गुळगुळीत करणार आहेत. सांधे वाजतात म्हणून तक्रारी आहेत. मग इथे कुणालाच जाग येणार नाही."

"मग?"

"मग आपण मुद्दाम वाजवू. कडेला खाचा पाडता येतात, आडव्या पट्ट्या टाकता येतात. आवाज कुठेही पेरता येतो, ताई. पण आवाजाने माणूस फक्त जागा होतो. त्याची झोप काही भागत नाही. त्याला नुसतं उठवून पुढे पाठवलं तर आपण काय केलं?"

त्या शेडकडे चालू लागल्या. ताई मागोमाग. शेडमध्ये अण्णा पट्टी दातांत धरून खुंटाला गुंडाळत होते, वर न बघता. आरशात रस्त्याचा एक तुकडा दिसत होता, आणि खाटेवरचे धाकट्याचे पाय.

इंजिनिअर बाई दाराशी थांबल्या.

ताई काही तरी बोलली. नेमका तेव्हाच बाहेरून एक लांबलचक ट्रेलर गेला, जाळी थरथरली, धाकट्याने कूस बदलली.

"मोठ्याने बोल," अण्णा म्हणाले. पट्टी अजून दातांतच होती. "शेजारी रस्ता आहे."

ट्रेलर दूर जाऊन त्याचा आवाज विरेपर्यंत ताई थांबली.

"आईची रांग आपण देऊया, अण्णा," ती म्हणाली.